विचारणारा कोण, सांगणारा कोण

तमिळनाडूतल्या पापनाशम तालुक्यात कावेरीचं पाणी तिघं मोजतात आणि तिघांचा हिशेब कधी एकमेकांना लागत नाही. रेग्युलेटरच्या दारांपाशी नेमलेला पाटबंधाऱ्याचा माणूस क्युसेकमध्ये मोजतो. शेतकरी बांधावर उभा राहून खाचरात किती बोटं पाणी उभं आहे ते बघतो. ज्याच्या शेतात ‘फिल्टर पॉइंट’ आहे, म्हणजे वाळूच्या थरापर्यंत उतरवलेली उथळ कूपनलिका, तो पंप किती फुटांवरून पाणी ओढतोय यावर नजर ठेवतो. पाणी मात्र एकच आहे. ते नदीतून वाळूत झिरपतं, वाळूतून पंपानं खाचरात येतं, खाचरातून निचऱ्याच्या ओहोळात उतरतं आणि दोन-तीन गावं खाली कुणाच्या तरी वाय्क्कालमध्ये, आपल्या भाषेत चारीत, सिंचनाचं पाणी म्हणून पुन्हा शिरतं.

या तिन्ही हिशेबांची संगणकावरची मॉडेलं एकमेकांना जोडून एकत्र चालवणं, हे माझं तिथलं काम. नदी-कालव्यांचं एक मॉडेल, भूजलाचं दुसरं, भातखाचराचं तिसरं. तिन्ही वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजेपोटी लिहिलेली. कुठलंही मोडायचं नाही, एकाचा कोड दुसऱ्यात ओतायचा नाही. तिघांना बोलता येईल असा एक ठरलेला इंटरफेस मध्ये ठेवायचा आणि ज्यानं त्यानं आपलं घर आपल्या पद्धतीनं चालवायचं. मी पुण्याची. भीमेच्या खोऱ्यात मॉडेलं चालवण्यात माझी नोकरीची पहिली वर्षं गेली होती. जोडणीचं खरं मर्म मात्र मला कावेरीच्या या सपाट मुलखात उमगलं, कारण तिथे जोडल्यावाचून उत्तरच निघत नाही.

तिरुनेलवेलीकडे ताम्रपर्णीकाठी आणखी एक पापनाशम आहे, ते वेगळं. हे तंजावर-कुंभकोणम रस्त्यावरचं. आसपास कावेरी, कुडमुरुट्टी, तिरुमलैराजन, अरसलार अशा नद्या आणि त्यांच्या फाट्यांचं जाळं. जमिनीला उतार इतका कमी, की पाणी कोणत्या बाजूला जाणार हे पाहून सांगता येत नाही. भात, केळी, कबिस्थलमच्या बाजूला ऊस. पालैवननाथाच्या देवळाच्या आवारात नायक राजांच्या वेळचं विटांचं प्रचंड कोठार आहे, तीन हजार कलम (धान्याचं जुनं माप) भात मावेल एवढं. त्या कोठारापुढे उभं राहिलं, की या तालुक्यात पाण्याचा हिशेब ही किती जुनी आणि किती गंभीर गोष्ट आहे ते कळतं.

हंगामाचं सगळं गणित मेट्टूर धरणावर चालतं. १९३४ साली पूर्ण झालेल्या या धरणाची पूर्ण पातळी १२० फूट आणि क्षमता ९३.४७ टीएमसी. रिवाजाप्रमाणे १२ जूनला पाणी सोडतात; तीन-चार दिवसांनी ते कल्लणै या कावेरीवरच्या जुन्या बंधाऱ्याला पोहोचतं आणि तिथून कावेरी, वेण्णार आणि कल्लणै कालव्यात वाटलं जातं. १२ जूनला पाणी आलं तर कुरुवै हे कमी मुदतीचं भात साधतं. उशीर झाला तर सांबा या लांब मुदतीच्या पिकावर भिस्त ठेवायची. आता तारीख पाळली जाईलच असं नाही. २०१२ ते २०१९ अशी आठ वर्षं ती हुकली, २०२० मध्ये पाळली गेली. २०२२ मध्ये पाणी २४ मेलाच सुटलं, तर २०२४ मध्ये २८ जुलै उजाडला. पाणी कधी येणार याचा भरवसा नसलेला शेतकरी काय करतो? ज्याच्याकडे फिल्टर पॉइंट आहे तो मे महिन्यातच पंपाच्या पाण्यावर रोपं टाकतो. तमिळनाडूत शेतीपंपांना वीज मोफत आहे, त्यामुळे पंप सुरू करताना फारसा विचार करावा लागत नाही. ज्याच्याकडे पंप नाही तो नदीची वाट बघतो. म्हणजे धरणातला उशीर थेट भूजलाच्या पातळीवर उमटतो, आणि पाणी सुटल्यावर ती खाली गेलेली पातळी नदीतून आपला वाटा वसूल करते. नदीचं मॉडेल एकटं चालवलं तर हे दिसत नाही, भूजलाचं एकटं चालवलं तरीही दिसत नाही.

मॉडेलं जोडायची गरज जगाला आधीच जाणवली होती. युरोपीय संघानं २००० साली पाण्याविषयीचा एक व्यापक कायदा केला. नदी, भूजल, खाडी यांचा एकत्र विचार करणं त्यानं बंधनकारक केलं. मॉडेलं मात्र सुटी सुटी, आणि बरीचशी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या संस्थांची. मग ‘हार्मोनआयटी’ नावाच्या प्रकल्पात ब्रिटिश, डच, डॅनिश मंडळी एकत्र बसली आणि त्यातून ‘ओपनएमआय’ हा इंटरफेस निघाला. त्याची दुसरी आवृत्ती २०१० मध्ये आली आणि २०१४ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. प्रतिस्पर्धी एका टेबलावर बसले आणि आपली गुपितं आपल्याकडे ठेवूनही बोलायची रीत त्यांनी ठरवली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

ओपनएमआयचा मूळ विचार विचारण्याचा आहे. समजा, खाचराच्या मॉडेलला २० जूनचा दिवस मोजायचा आहे. ते नदीच्या मॉडेलला विचारतं: या मदगुच्या, म्हणजे चारीला पाणी सोडणाऱ्या दाराच्या, तोंडाशी, या तारखेला, पाणी किती? नदीचं मॉडेल तोवर १८ जूनलाच थांबलेलं असेल, तर ते आधी स्वतः २० तारखेपर्यंत चालतं आणि मग उत्तर देतं. वाटेत त्याला भूजलाची पातळी लागली, तर ते भूजलाच्या मॉडेलला विचारतं. वर मुकादम कुणी नाही. ज्याला गरज लागेल त्यानं विचारायचं, ज्याच्याकडे असेल त्यानं द्यायचं. पेच पडतो तो दोघं एकमेकांवर अवलंबून असतात तेव्हा. नदी भूजलाला विचारते, भूजल उत्तर देण्याआधी नदीला विचारतं, आणि दोघंही अडून बसतात. ओपनएमआयचा त्यावर तोडगा असा, की जो आधीच एका प्रश्नात गुंतलेला आहे त्यानं अडून राहायचं नाही. हाताशी असलेल्या आकड्यांवरून आपला उत्तम अंदाज द्यायचा.

दुसरी रीत अमेरिकेतली. कोलोराडो विद्यापीठात भूपृष्ठाच्या मॉडेलांवर काम करणाऱ्या गटानं ‘बेसिक मॉडेल इंटरफेस’, थोडक्यात बीएमआय, मांडला. त्यावरचा मूळ लेख २०१३ चा. त्यात मॉडेलांनी एकमेकांना काही विचारायचं नाही. प्रत्येकानं बाहेरून वापरता येतील अशा मोजक्या कळा द्यायच्या: सुरू हो, एक पाऊल पुढे जा, अमुक आकडा दे, अमुक आकडा घे, आता थांब. कोणती कळ कधी दाबायची हे बाहेरचा छोटा प्रोग्राम ठरवतो. आम्ही ही रीत घेतली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचं मॉडफ्लो हे भूजलाचं मॉडेल १९८४ पासून वापरात आहे. त्याच्या सहाव्या पिढीला बीएमआय कळतो, त्यामुळे त्या बाजूचं काम आयतं झालेलं होतं. नदीचं मॉडेल आमच्याच हातचं. अडचण होती खाचराच्या मॉडेलची.

ते फोर्ट्रानमध्ये होतं, एका कृषी-संशोधकानं मन लावून लिहिलेलं, आणि स्वतःपुरतं चोख. सुरुवातीला वर्षभराच्या पाण्याची फाइल वाचायची, मग १ ते ३६५ दिवसांचा एक फेरा, शेवटी निकालाची फाइल. बीएमआयला हा फेरा आतून काढून बाहेरच्या हाती द्यावा लागतो. म्हणजे एक दिवस मोजायचा, थांबायचं, बाहेरचा माणूस आजचं पाणी हातात देईल तेव्हा दुसरा दिवस मोजायचा. फेरा सोडवायला घेतल्यावर दिसलं, की खाचरात उभ्या असलेल्या पाण्याची खोली ज्या चलात ठेवली होती ते चल त्या फेऱ्यापुरतंच जिवंत राहत होतं. फेरा अखंड असताना काही बिघडत नव्हतं. दिवस सुटा केला, की रोज सकाळी खाचर कोरडं! काल तीन बोटं पाणी होतं याची मॉडेलला आठवणच नाही. ते चल बाहेर आणून टिकतं ठेवायला मूळ लेखकाला सोबत घेऊनच बसलो. ओळी थोड्याच हलवल्या, पण हलवलेल्या प्रत्येक ओळीनंतर जुन्या आणि नव्या मॉडेलचा वर्षभराचा निकाल शेजारी शेजारी ठेवून शेवटच्या दशांशापर्यंत ताडून पाहिला. दुसऱ्याच्या कामात हात घालायचा तर हे करावंच लागतं, असं माझं ठाम मत आहे. जोडणीनंतर काही विचित्र दिसलं तर दोष सांध्यात आहे की मॉडेलात, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

हे सगळं तंत्राचं झालं. जास्त वेळ गेला तो देवाणघेवाणीच्या यादीत. पूर्वी लग्न ठरलं की दोन्ही घरची वडीलधारी बसून याद्या करत, कुणी काय द्यायचं ते कागदावर यायचं आणि मगच पुढचं बोलणं. आमचीही तशीच बैठक झाली. नदीची मी, भूजलाच्या चेन्नईच्या एक विदुषी, खाचराचे ते संशोधक, आणि तंजावरचे एक निवृत्त अभियंते. हे अभियंते तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. माझ्याशी तंजावरी मराठी, बाकीच्यांशी तमिळ, आणि आकड्यांशी आले की इंग्रजी. आम्ही सगळे त्यांना ‘सार’ म्हणायचो.

पहिला मुद्दा चिन्हाचा निघाला. नदीतून जमिनीत झिरपणारं पाणी नदीच्या खात्यावर वजा, भूजलाच्या खात्यावर जमा. दोन्ही मॉडेलं त्याला ‘गळती’च म्हणतात, पण एक उणे लिहितं, दुसरं अधिक. ठराव झाला: यादीत प्रत्येक प्रवाहापुढे दिशा शब्दांत लिहायची, ‘नदीतून जमिनीकडे, अधिक’. दुसरा मुद्दा एककाचा. नदी क्युसेकमध्ये, मॉडफ्लो दिवसाला घनमीटरमध्ये, खाचर मिलिमीटरमध्ये. एक क्युसेक दिवसभर वाहिला तर सुमारे २,४४७ घनमीटर पाणी होतं. एका हेक्टरवर पसरलं तर साडेचोवीस सेंटिमीटर. हे रूपांतर कुणी करायचं? देणाऱ्यानं की घेणाऱ्यानं? दोघांनी केलं तर घोळ, कुणीच नाही केलं तर सत्यानाश. सांध्यातल्या प्रोग्रामनं करायचं, आणि प्रत्येक आकड्याला त्याचं एकक चिकटवूनच पाठवायचं, असं ठरलं.

तिसरा मुद्दा वेळेचा. कालव्यात लाट धावते, म्हणून नदीचं मॉडेल मिनिटांत चालतं, भूजल दहा-दहा दिवसांच्या पावलानं चाललं तरी पुरतं, खाचर दिवसाचं. शेवटी दिवस हे सामाईक पाऊल ठरलं. तेव्हा ‘सार’ म्हणाले, “दिवस म्हणजे कधीपासून कधीपर्यंत?” कार्यालयाच्या वहीत सकाळच्या मोजणीपासून दुसऱ्या सकाळच्या मोजणीपर्यंत एक दिवस, संगणकाचा मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. ईशान्य मान्सूनमध्ये रात्रीत ढग फुटतो, तेव्हा हा फरक अख्खा पाऊस चुकीच्या दिवसात टाकतो. २००८ च्या नोव्हेंबरात निशा चक्रीवादळात तंजावर जिल्ह्यातल्याच ओरत्तनाडूला चोवीस तासांत ६६ सेंटिमीटर पाऊस झाला होता. असा पाऊस दिवसाच्या कोणत्या बाजूला पडला, यावर निचऱ्याचं सगळं गणित बदलतं. तो प्रश्न आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता. ज्यानं आयुष्यभर ती वही लिहिली त्याला सुचला.

चौथा मुद्दा जागेचा, आणि तो सगळ्यांत चिवट. नदीचं मॉडेल रेषेवर अंतर मोजतं, भूजलाचं चौकोनांत, खाचराचं मदगुच्या लाभक्षेत्रात. कोणता चौकोन कोणत्या मदगुखाली येतो? नकाशावर एक, जमिनीवर दुसरंच. त्यासाठी हिंडावं लागलं. एका मदगुवर दार उचलणाऱ्या माणसानं पेच फिरवून दाखवला. दांड्यावर आटे किती वर आले यावरून तो किती पाणी सुटलं ते ओळखतो, आणि शेजारची रंगवलेली मोजपट्टी गाळात अर्धी गेलेली. त्यानं हात करून सांगितलं, की डावीकडची ती शेतं कागदावर या मदगुची, पण त्यांना पाणी येतं ते वरच्या गावाच्या निचऱ्यातून. ती शेतं आमच्या यादीत दुसऱ्या ओळीत गेली.

अशा सांध्यांवरून या मुलखात पूर्वीही वाद झाले आहेत. कावेरी आणि तिचाच फाटा असलेली कोळ्ळिडम यांच्यामध्ये कल्लणैजवळ जो बांध होता, त्याच्या डागडुजीवरून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरचे भोसले राजे तुळजाजी आणि अर्काटचा नवाब महंमद अली यांच्यात तंटा पेटला. बांध फुटला तर पाणी खालच्या पातळीवरच्या कोळ्ळिडममध्ये जाणार आणि तंजावर सुकणार. पण बांधाची जागा नवाबाच्या हद्दीला लागून. दुरुस्ती करायचा हक्क कुणाचा, हे प्रकरण मद्रासच्या कंपनी सरकारपर्यंत गेलं. पाणी कुणाचं यापेक्षा सांधा कुणी राखायचा, हा तिथला कळीचा प्रश्न होता, आणि तो आपल्या भोसल्यांच्या दरबारात चर्चिला गेला याचं मला विशेष वाटतं.

जोडणी चालू झाली आणि पहिल्यांदा पूर्ण हंगाम धावला तेव्हा आम्ही सगळे एकाच आकृतीकडे बघत होतो: पाणी सुटल्यानंतर नदीतून रोज किती झिरपतं. नदीचं मॉडेल एकटं असताना आम्ही गळतीला एक ठरीव टक्का लावायचो. जोडल्यावर रेषा वेगळीच आली. उन्हाळाभर पंप चाललेले असतात, भूजल नदीच्या तळाच्या बरंच खाली गेलेलं असतं. अशा वेळी भूजल आणखी कितीही खाली असलं, तरी गळती वाढत नाही. तळाची वाळू आणि गाळ जेवढं जाऊ देतील तेवढंच जातं. मॉडफ्लोच्या नदीच्या सूत्रातच ती मर्यादा लिहिलेली आहे. ती गळती मोठी असते आणि रोज तेवढीच असते. मग खालून भूजल चढत चढत तळाला टेकतं, आणि त्या दिवसापासून गळती झपाट्यानं उतरते. म्हणजे गेल्या दोन महिन्यांत पंपांनी किती ओढलं याचा परिणाम गळतीच्या आकड्यावर होत नाही, ती किती दिवस टिकते त्यावर होतो. पाणी उशिरा सुटलं तर पंप जास्त दिवस चालतात, पोकळी मोठी होते, आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला नदीचं पाणी आणखी उशिरा मिळतं. एका उशिरातून दुसरा उशीर जन्मतो. ठरीव टक्क्याचं मॉडेल पहिल्या दिवसांत पाणी लवकर पोहोचवत होतं आणि पुढे विनाकारण कमी दाखवत होतं. पूर्ण हंगामाची बेरीज मात्र जवळपास तीच यायची, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला खटकलं नाही.

‘सार’ आकृती बघून एवढंच म्हणाले, की नदी आधी वाळूचं पोट भरते आणि मग पुढे चालते, हे टेलच्या गावांत कुणालाही विचारा. मला ते ऐकून अतिशय आनंद झाला. गावाला ठाऊक असलेली गोष्ट आता दिवसांत सांगता येत होती, आणि दिवसांत सांगता आली तरच पाळ्या ठरवणाऱ्याला तिचा उपयोग.

इंटरफेसबद्दल एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी, कारण नवे लोक त्याला भुलतात. सांधा आकडा पोहोचवतो, आकडा खरा आहे का हे त्याला कळत नाही. तळाच्या गाळाची झिरपण्याची क्षमता चुकीची दिली तर ती चूक तिन्ही मॉडेलांत सारख्याच इमानानं फिरते आणि उत्तर उलट जास्त विश्वासार्ह दिसतं. म्हणून सांध्यावरचा प्रत्येक आकडा रोज फाइलीत उतरला पाहिजे आणि नदीनं दिलेलं आणि जमिनीला मिळालेलं यांची बेरीज रोज जुळली पाहिजे, हा आग्रह मी कधीच सोडला नाही. आणखी एक. एका कंपनीचं बंद पेटीतलं मॉडेल आमच्यासमोर आलं होतं, दिसायला देखणं. पण मधला आकडा बाहेर द्यायला ते तयार नव्हतं. सार्वजनिक पाण्याचा हिशेब अशा पेटीत ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्रात हे काम यापेक्षा निकडीचं आहे. आपल्याकडे नदी-कालवे जलसंपदा विभागाकडे, आणि विहिरींचं पाणी १९७२ साली स्थापन झालेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे. ऊर्ध्व भीमा खोऱ्यासाठी हायड्रॉलॉजी प्रोजेक्टच्या दुसऱ्या टप्प्यात रूरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेमार्फत नियोजनाची प्रणाली उभी राहिली, तेव्हा खोरं एकत्र बघण्याची सवय थोडी रुजली. पण नीरेच्या किंवा प्रवरेच्या लाभक्षेत्रातली विहीर कालव्याच्या आवर्तनावर भरते, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असताना आवर्तनाच्या हिशेबात ती विहीर येत नाही. आपला खडक बेसाल्टचा, तंजावरची वाळू नाही. पाणी भेगांतून धावतं आणि चौकोनांचं भूजल मॉडेल तिथे लंगडतं. तिथे भूजलाचं दुसरं मॉडेल लावावं लागेल. सांधा तोच ठेवून एक मॉडेल काढून दुसरं बसवता येतं, इंटरफेसचा सगळा फायदा यातच आहे.

पापनाशममध्ये पुढचं काम निचऱ्याचं आहे. ओहोळ आणि चाऱ्या हे एकच जाळं धरून नदीच्या मॉडेलात घेतले आहेत, पण सांब्याच्या हंगामात पुराचं पाणी उलटं चढतं तेव्हा खाचर पाणी घेतं की देतं, हे दिवसात दोनदा बदलू शकतं. त्यासाठी खाचराचं पाऊल दिवसावरून तासावर आणायचं आहे. मूळ लेखक तयार आहेत. यादीत पाच नव्या ओळी वाढल्या आहेत, आणि त्यातल्या तीन ओळींपुढे दिशा अजून लिहायची आहे.